ईश्वराचं ‘अनुमान’ आणि आपला ‘तर्क’

प्रश्न असा आला आहे : “एका मराठी लेखात ‘नैयायिक ईश्वर अनुमानाने सिद्ध करतात’ असं वाचलं. अनुमान म्हणजे अंदाज. अंदाजाने काही सिद्ध कसं होईल? आणि ‘देव तर्काने सिद्ध होत नाही’ हे तर लहानपणापासून ऐकतो. मग खरं काय? तर्क आणि अनुमान एकच की वेगळे?”

वेगळे. आणि नैयायिकाच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या पंडिताच्या, तोंडी तुमची ही दोन्ही वाक्यं एका वेळी शोभतील.

बोलण्यात आपण ‘माझं अनुमान आहे की तो येणार नाही’ म्हणतो आणि ‘माझा तर्क आहे की तो येणार नाही’ असंही म्हणतो. दोन्हीकडे ‘अंदाज’ घातला तरी अडत नाही. शास्त्रात मात्र अनुमान हे प्रमाण आहे, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. न्यायसूत्रांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं वचन) अशी चार प्रमाणं मानली. डोंगरावर धूर दिसतोय. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. तेव्हा डोंगरावर अग्नी आहे. हे नीट जमलं, तर डोंगर चढून आग पाहण्याची गरज उरत नाही. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या कधीही न चुकणाऱ्या सोबतीला व्याप्ती म्हणतात. अनुमानाचा सगळा भार तिच्यावर असतो. ती मोडली की अनुमान कोसळतं.

तर्काचं काम निराळं. न्यायसूत्रांच्या १६ पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, त्याची जागा आठवी आहे आणि तो प्रमाणांत मोडत नाही. व्याप्तीवर कुणी शंका घेतली, ‘धूर असेल, पण अग्नी नसेल तर?’, की तर्क पुढे येतो : अग्नीवाचून धूर होत असता, तर धूर हवा असणारा माणूस विस्तव शोधत बसलाच नसता. शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणंच त्याच्या शंकेच्या आड येतं. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हे मोजक्या शब्दांत बसवलं आहे : ‘तर्कः शङ्कावधिर्मतः’, तर्क ही शंकेची हद्द. तो शंका अडवतो, पण स्वतःच्या बळावर काही सिद्ध करत नाही. म्हणून ‘ईश्वर तर्काने सिद्ध होत नाही, अनुमानाने होतो’ हे वाक्य नैयायिक अगदी सरळ मनाने म्हणेल.

आता ते अनुमान. उदयनाचार्य दहाव्या शतकाच्या सुमाराचे. ईश्वर आहे हे दाखवणं हाच त्यांच्या या ग्रंथाचा विषय, आणि ही न्यायचर्चा म्हणजे ईश्वराची उपासनाच, असं ते सुरुवातीलाच सांगतात. भक्ती आणि युक्तिवाद यांना त्यांनी वेगळं काढलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी दिलेल्या कारणांतलं पहिलं आणि सर्वांत गाजलेलं कारण ‘कार्य’. त्याची मांडणी अशी : पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत, म्हणजे उत्पन्न झालेल्या आहेत, जसा घट. घटाला कुंभार लागतो, तसा पृथ्वीलाही कुणीतरी घडवणारा लागतो.

इथे मराठी वाचकाने तीन शब्द सांभाळावेत. ‘पृथ्वी’ हा इथला पक्ष, म्हणजे ज्याबद्दल सिद्ध करायचं ती गोष्ट. ‘कार्य असणं’ हा हेतू, म्हणजे कारण. आपल्या रोजच्या ‘हेतू’सारखा उद्देश नव्हे. आणि हेतू आहे पण जे सिद्ध करायचं ते नाही, असं एखाद्या ठिकाणी सापडलं, तर त्या दोषाला व्यभिचार म्हणतात. आज या शब्दाला भलताच अर्थ चिकटला आहे, पण ‘वाट सोडून जाणं’ हे मूळ दोन्हींत एकच.

खरं भांडण याच व्यभिचारावर झालं. उदयनांच्या कितीतरी आधी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने वारुळाचं उदाहरण दिलं होतं. घट मातीचा आणि कुंभाराने केलेला, एवढ्यावरून मातीची प्रत्येक वस्तू कुंभाराची ठरत असेल, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल! त्याचा मुद्दा असा की ‘कार्य’ हा एकच शब्द घटालाही लावला आणि डोंगरालाही, म्हणून दोघांची घडण एका जातीची ठरत नाही. पडकं देऊळ पाहिलं की ते बांधताना पाहिलं नसलं तरी ‘कुणीतरी बांधलंय’ हे मनात येतंच. कड्याकडे पाहून तसं येईलच असं नाही. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे, कुमारिल भट्ट यांनी दुसरीकडून घेरलं : शरीराशिवाय कर्ता घडवणार कसा, आणि काही प्रयोजन नसताना जग घडवायला निघेलच कशाला? कुमारिल वेद मानणारे, म्हणजे जुन्या अर्थाने पक्के आस्तिक. जगाचा निर्माता मात्र त्यांनी नाकारला. ‘आस्तिक म्हणजे देव मानणारा’ हे समीकरण तिथे लागू पडत नाही.

नैयायिकांचं उत्तरही कच्चं नाही. डोंगर, अंकुर यांना कर्ता आहे की नाही, हाच तर वादाचा विषय. तेव्हा त्यांनाच ‘बिनकर्त्याची वस्तू’ म्हणून पुढे करून व्यभिचार दाखवता येत नाही. नियमाप्रमाणे हे बरोबर आहे. तरीही मला धर्मकीर्तीचं पारडं जड वाटतं. घटापासून पृथ्वीपर्यंतची उडी ज्या व्याप्तीच्या जोरावर मारायची, ती आपण फक्त माणसाच्या हातच्या वस्तूंवरूनच शिकलो आहोत.

‘देव तर्काने सिद्ध होत नाही’ हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य न्यायातलं नव्हे, वेदान्तातलं. कठोपनिषद म्हणतं, ‘नैषा तर्केण मतिरापनेया’, ही समज तर्काने मिळवता येत नाही. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत ‘तर्काप्रतिष्ठानात्’, म्हणजे ‘तर्काला स्थैर्य नाही म्हणून’, असं येतं. इथे तर्क म्हणजे श्रुतीचा, म्हणजे वेदांचा, आधार न घेता नुसत्या बुद्धीने केलेला विचार. एका हुशार माणसाने उभारलेलं दुसरा त्याहून हुशार पाडतो, तेव्हा अशा विचारावर कायमचं टेकता येत नाही, हा आक्षेप. याच सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी प्रतिपक्षाला फार चोख उत्तर देऊ दिलं आहे : तर्काला स्थैर्य नाही, हेही तुम्ही तर्कानेच ठरवताय! आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या गणेशरूपकात ‘तरी तर्कु तोचि फरशु’ म्हटलं आहे. तिथे सहा दर्शनं हे गणेशाचे हात, आणि तर्क हा त्यांतल्या एका हातातला परशू.

उरला उलटा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत, पण याच शब्दांत दडलेला आहे : देव नाही, हे सिद्ध होतं का? ‘दिसत नाही, म्हणून नाही’ एवढं पुरत नाही. टेबलावर घट असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही, हे ठीक. पण जी वस्तू मुळात दिसण्याजोगीच नाही, तिच्या न दिसण्यावरून काही ठरत नाही. याला योग्यानुपलब्धीची अट म्हणतात. सांख्य दर्शनाच्या सांख्यसूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ‘ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून’, असं सूत्र आहे. त्यावर भाष्यकार विज्ञानभिक्षूंनी नेमकं बोट ठेवलं : सूत्रकाराला ईश्वर नाही म्हणायचं असतं, तर ‘ईश्वराभावात्’ (ईश्वर नसल्यामुळे) म्हटलं असतं. असिद्ध आणि अभाव यांतलं अंतर इतकं काटेकोर जपलेलं पाहिलं की आनंद होतो. सांख्य पुढे ईश्वराविरुद्ध युक्त्याही देतात, पण त्या सूत्रातला शब्द तेवढंच बोलतो.

तेव्हा तुमच्या लेखातलं वाक्य बरोबर आहे. ‘अनुमान’ काढून ‘अंदाज’ किंवा ‘तर्क’ घालू नये. सर्वसाधारण वाचकासाठी ‘अनुमानप्रमाणाने’ असं पूर्ण लिहिलं तर घोळ होणार नाही. आणि स्वतः लिहाल तेव्हा ‘सिद्ध करतात’पेक्षा ‘सिद्ध करू पाहतात’ लिहा, कारण व्याप्तीवरचा वाद मिटलेला नाही. उलट बाजू मांडताना ‘देव आहे हे सिद्ध झालं नाही’ म्हणायचं असेल, तर ‘देव नाही हे सिद्ध झालं’ असं लिहू नका. त्याला निराळं अनुमान, निराळा हेतू आणि निराळी व्याप्ती द्यावी लागेल.