छोट्या बेटावर यजमानांकडे काम करून राहायचंय? रेनकोट नंतर, आधी ते पत्र बघू

तुझी पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. वय चोवीस, राहणार इथलीच, बडोद्यात मांजलपूरची, स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका छोट्या बेटावर एक कुटुंब शोधलंयस. रोज पाच तास बाग आणि मेंढ्या बघायच्या, बदल्यात खोली आणि जेवण. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरायला घेतलायस आणि विचारतेस काय, तर रेनकोट कोणता घेऊ आणि कव्हर लेटरमध्ये स्वयंसेवेबद्दल किती सविस्तर लिहू. रेनकोटाचं नंतर बघू. त्या दुसऱ्या प्रश्नापायी माझं एक अख्खं वर्ष आणि लाखभर रुपये गेलेत, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. (एकेरी म्हणतेय, राग मानू नकोस. वयाने मावशी लागते.)

आधीच सांगते, मी वकील नाही, व्हिसावाली नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बडोद्याची बाई आहे. नियम बदलत असतात, तेव्हा माझं वाचून झालं की ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर व्हिजिटरचं पान स्वतः वाच. कुणाकडून समजून घेऊ नकोस, स्वतः वाच. का ते पुढे येईलच.

२०१८ साली मी नेमकी तुझ्याच जागी होते. माझं बेट एग. उच्चार अगदी अंड्यासारखाच, त्यामुळे आमच्या शाकाहारी घरात जे काय विनोद व्हायचे ते झाले. क्लीडेल नावाच्या वस्तीत एक कुटुंब मिळालं होतं, पत्रव्यवहार छान चालला होता. मग मी तुझ्यासारखंच मोठ्या अभिमानाने एक पत्र लिहिलं. बँकेत तीस वर्षं ‘जे असेल ते स्पष्ट लिहा’ ऐकत काढलेली, त्यामुळे वाक्य कसं चोख: मी यजमानांना रोज पाच तास शेतीकामात मदत करीन आणि त्या बदल्यात ते माझी राहण्याजेवणाची सोय करतील.

हे एक वाक्य. बाकी कागदपत्रांत खोट काढायला जागा नव्हती. पासबुक, पेन्शन, घराचा वेरा (घरपट्टी) भरल्याची पावती, सगळं फाइलला टाचून.

तुला वाटतं, मलाही वाटायचं, की पगार घेत नाही म्हणजे काम नाही. ब्रिटिश व्हिसा अधिकाऱ्यांच्या हिशेबात पगार रोखच असला पाहिजे असं नाही. खोली आणि जेवण हाही मोबदलाच. व्हिजिटरला स्वयंसेवा करता येते, नाही असं नाही, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, सगळी मिळून तीस दिवसांच्या आत, आणि सहलीचा मुख्य हेतू ती नसावा. स्कॉटलंडमध्ये अशा संस्थांची नोंद ठेवणारी वेगळी सरकारी यंत्रणा आहे, तिच्या यादीत नाव शोधता येतं. तुझं ते मेंढ्यावालं कुटुंब कितीही गोड असलं तरी कुटुंब म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. म्हणजे जे काम करायला हा व्हिसा बंदी घालतो, तेच करायला चालले आहे असं मी माझ्या सहीने लिहून दिलं होतं.

आता यात माझ्या मूर्खपणाइतकाच वाटा एका कन्सल्टंटच्या कार्यालयाचा. नाव घेत नाही. आपल्या गावात पाट्यांना तोटा नाही, सेव उसळीच्या गाड्या मोजाव्यात की व्हिसावाल्यांच्या, असा प्रश्न पडतो. पत्र दाखवायला गेले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "बेन, वॉलंटियर लखो, सारुं लागे." म्हणजे स्वयंसेवक लिहा, छान दिसतं, छाप पडते म्हणे. वर ऑनलाइन अर्ज त्यांनीच भरला आणि दाबून टाकला, मला वाचायला दिला नाही. नंतर प्रत मिळाली तेव्हा कळलं की त्यांनी हेतू लिहिला होता पर्यटन, आणि सोबत माझं पत्र बोंबलून सांगतंय शेतीकाम. अमदावादला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले, एक्सप्रेसवेवर ढोकळाही खाल्ला आनंदात.

पंधरा-वीस दिवसांत नकार. दोन पानांचं पत्र, त्यात तीनदा तरी ‘माझं समाधान झालेलं नाही’. अपील नाही. फी परत नाही. विमानाचं तिकीट मी स्वस्तातलं, म्हणजे पैसे परत न मिळणारं काढलं होतं. पण पैशाचं दुःख वर्षभरात ओसरतं. त्या नकाराचं तसं नाही. पुढच्या अर्जांत प्रश्न असतो, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेलाय का? भाच्याकडे कॅनडाला जायचं होतं तेव्हाही लिहावं लागलं. हो, २०१८, कारण असं असं. दर वेळी ते जुनं पत्र जोडायचं आणि दर वेळी ते वाचून पोटात कालवायचं.

आणि आता खरा मुद्दा. रडकुंडीला येऊन त्याच कार्यालयात गेले तर साहेब स्वतः बाहेर आले. म्हणाले, काही नाही, पुन्हा टाकू, या वेळी लिहू की ती तुमची जुनी मैत्रीण आहे, नुसतं भेटायला चाललात. "आ तो चाली जशे," म्हणजे हे तर सहज खपून जाईल. त्यांचा पहिला सल्ला अडाणीपणाचा होता, हा दुसरा सरळ फसवणुकीचा. खोटं सांगितल्याचं सापडलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं, आणि एकदा तुमच्याच सहीचं ‘काम करीन’ त्यांच्या फाइलीत असताना ते सापडायला काय वेळ लागणार? तुझ्या पोस्टखाली दोघांनी तुला ‘मग लिहूच नकोस ना’ असं सुचवलंय, त्यांनाही हेच सांगते. न लिहिता काम करणं म्हणजे लिहून करण्यापेक्षा वाईट. पत्र बदलून भागत नाही, बेत बदलावा लागतो.

मी बेत बदलला. यजमानीणबाईंना सगळं कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: पाहुणी म्हणून पैसे देऊन या, फावड्याला हात लावायचा नाही. २०१९च्या जूनसाठी स्वतः अर्ज भरला, नकाराचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं, माझी समजूत चुकली होती आणि आता व्यवस्था काय आहे तेही. सोबत आठवड्याच्या भाड्याची पोचपावती. व्हिसा आला. कन्सल्टंटशिवाय.

हीथ्रोच्या खिडकीवरही हा प्रश्न येतो, तयार राहा. तो अधिकारी म्हणाला, एगवर काय करणार? ‘मदत’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. करणार नव्हतेच, पण दोन वर्षं तेच घोकत आलेली जीभ. गिळला आणि म्हटलं, चालणार, पक्षी बघणार, पैसे भरून राहणार. पावती दाखवली. मग त्याने विचारलं, स्गुर चढणार का? बेटावरचा तो काळा कातळाचा सुळका, ३९३ मीटर. माझ्या गुडघ्यांकडे बघून विचारलं असावं.

तुझ्यासाठी मला तीन वाटा दिसतात. माझ्यासारखं पैसे देऊन राहायचं, मग पंधरा दिवसच परवडतील, पण ते पंधरा दिवस तुझे. किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं काम, तेही भटकंतीच्या जोडीने, मर्यादेत. मी दोन सकाळी असा किनाऱ्यावरचा प्लॅस्टिकचा कचरा उचलला, आधी यादीत संस्थेचं नाव तपासून. ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’सारख्या संस्थेकडे तर कॅना हे एगच्या शेजारचं आख्खं बेटच आहे, तेव्हा शोधलंस तर बेटावरचं काम मिळत नाही असं नाही. तिसरी वाट तुझ्या वयाला आहे, माझ्या नव्हती. भारतीय तरुणांसाठी यंग प्रोफेशनल्स नावाची योजना २०२३पासून आहे. अठरा ते तीस वय, पदवी, खात्यात ठरावीक शिल्लक (भाचीसाठी पाहिलं तेव्हा २,५३० पाउंड होती) आणि चिठ्ठी टाकून निवड. चिठ्ठीत नाव घालायला फी नाही. लागली तर दोन वर्षं राहा, मेंढ्या राख नाही तर बँकेत बस. तुझ्या जागी मी असते तर या उन्हाळ्याचा नाद सोडून आधी चिठ्ठी टाकली असती. पण तुझ्या जागी मी नाही, आणि चोवीसाव्या वर्षी मीही कुणाचं ऐकलं नसतं.

आणि हो, हे फक्त ब्रिटनपुरतं आहे असं समजू नकोस. कामाच्या बदल्यात खोली हा प्रकार पर्यटक व्हिसावर पुष्कळ देशांत चालत नाही. ज्या संकेतस्थळांवर यजमान मिळतात ती बारीक अक्षरात ‘व्हिसाची जबाबदारी तुमची’ म्हणून मोकळी होतात. नुसतं बेट आणि एखादं घर एवढंच हवं असेल तर अंदमानात नील (आता नाव शहीद द्वीप) आहे, ब्रह्मपुत्रेत माजुली आहे, व्हिसाची भानगड नाही. लक्षद्वीपला मात्र आपल्यालाही परवाना लागतो, तिथेही आधी चौकशी.

आता बेटाबद्दल थोडं, कारण एवढं घाबरवल्यावर ते देणं लागते. ग्लासगोहून मॅलेगपर्यंत आगगाडी, पाच तासांवर लागतात, खिडकी सोडू नकोस. मॅलेगहून बोट. बोट रोज नसते आणि वारा सुटला तर येतच नाही, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेव. धक्क्यापासून क्लीडेल पाच-सहा किलोमीटर, पाहुण्यांना गाडी न्यायला बंदी. चाकाची बॅग नेलीस तर पस्तावशील, एवढं एकच सामानाबद्दल सांगते.

तिथली वीज बेटाची स्वतःची. २००८ साली पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी यंत्रणा उभी केली, त्याआधी घरोघरी डिझेलची धडधड. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, वर गेलात की घर अंधारात. मी तिसऱ्याच दिवशी कपडे धुण्याचं यंत्र चालू असताना किटली लावली आणि खोलीतला हीटरही. बाई काही बोलल्या नाहीत, टॉर्च घेऊन बाहेर गेल्या. त्या रात्री मी थेपले गार खाल्ले, मुकाट्याने. थेपल्यांवरून आठवलं, तूप, पेढे, दुधाचं काहीही बॅगेत घालू नकोस, आत नेऊ देत नाहीत. आपला बडोद्याचा लीलो चिवडो, म्हणजे हिरवा चिवडा, ने. माझा डबा दोन दिवसांत संपला, निम्मा शेजाऱ्यांनी संपवला.

हे बेट १९९७ साली तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टने मालकाकडून विकत घेतलं, पंधरा लाख पाउंडांना, बहुतेक देणग्यांवर. त्यांच्या छोट्या शेतीला क्रॉफ्ट म्हणतात, आणि १८८६च्या कायद्याने ती कसणाऱ्या कुळांना जमिनीवरून मनाला येईल तसं हाकलता येईनासं झालं. बाई हे सांगत होत्या तेव्हा मी जरा गप्पच होते. आमच्या आजोबांची बडोद्याजवळच्या पादरा गावची जमीन कूळकायद्यात गेली, आमच्या घरात अजून ते हळहळून सांगतात. त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच ती गोष्ट मी पलीकडच्या बाजूने ऐकली. काम करायला गेले असते तर संध्याकाळी एवढं बसायची ताकद उरली असती की नाही, शंकाच आहे. पाच तास म्हणतात, मेंढ्या काही घड्याळ बघत नाहीत.

जूनमध्ये रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य असतो, झोपेचं खोबरं होतं. आणि मिज नावाचे चिलटाहून बारीक किडे. वारा पडला की थवेच्या थवे येतात, चेहऱ्यावर घालायची बारीक जाळी मॅलेगलाच घे. तुझ्या रेनकोटाचं उत्तर हेच: कुठलाही चालेल, टोपीला जाळी अडकवता आली म्हणजे झालं.

पत्राचा मसुदा झाला की इथेच टाक, नाव-पत्ते, पासपोर्ट नंबर खोडून. मी वाचीन, इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत तेही वाचतील. ऑनलाइन अर्ज स्वतः भर, निदान पाठवायच्या आधी प्रत्येक पान स्वतः वाच. कुणा कन्सल्टंटला आगाऊ पैसे देऊन बसली असशील तर आजच जाऊन पावती माग. माझी अजून यायची आहे.