दहावीच्या मुलांना शिकवायला जाणाऱ्यांसाठी
हे बघ, नवी मुंबईतल्या दिघ्याच्या पालिका शाळेत कॉलेजतर्फे शिकवायला जातेयस ना, तर लगेच गणित-इंग्रजीवर तुटून पडू नकोस, आधी दहावीच्या मुलांचे कागद बघ. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला) वेळेत नसलं की राखीव जागेचं अ‍ॅडमिशन लटकतं आणि हुशार पोरगं कामाला लागतं, खरंच जीव तुटतो गं. आधारवरचं नि शाळेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळव. मुलींच्या आयांना आवर्जून सांग, २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) मुलींना घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी माफ आहे, बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आणि पालकसभा रविवारीच ठेव, इतर दिवशी आईबाप एमआयडीसीत शिफ्टला असतात.