भाजण्याआधी खनिज ओळखा

लातुरातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आपण सोन्याच्या प्रयोगशाळेत रुजू होत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की पूर्वप्रक्रिया, म्हणजे सायनाइडने सोने विरघळवण्याआधी खनिजावर करायची प्रक्रिया, निवडण्याची घाई करू नका. आपल्या काळ्या पाषाणात सोन्याच्या खाणी नाहीत. जवळची खाण रायचूर जिल्ह्यातील हट्टीची, आणि तो मुलूखही निजामाच्या राज्यात आपल्यासोबतच होता.

नमुना अधिक बारीक दळूनही सायनाइडमध्ये सोन्याचा उतारा वाढत नसेल, तर सोन्याचे सूक्ष्म कण पायराइट किंवा आर्सेनोपायराइट या सल्फाइड खनिजांच्या आत कोंडलेले असण्याचा संभव मोठा; तुरीचे टरफल फोडल्याशिवाय दाणा हाती लागत नाही, तसेच हे आहे. मात्र सायनाइड चाचणीच्या बाटलीत सोने चटकन पकडणारा सक्रिय कोळसा घातल्यावर उतारा लक्षणीय वाढला, तर खनिजातील नैसर्गिक कार्बन विरघळलेले सोने परत शोषून घेत आहे असे समजावे, आणि मग सुमारे २०० अंशांवर चालणारे दाबाखालील ऑक्सिडीकरण एकटे पुरेसे ठरेलच असे नाही, कारण ते सल्फाइड फोडते, पण तो कार्बन बहुधा शिल्लक राहतो. भाजणीत तो जळतो. परंतु सल्फर डायऑक्साइड आणि विषारी आर्सेनिक ऑक्साइड पकडण्याची सोय आधी हवी. जिवाणूंकडून सल्फाइड फोडून घेण्याची पद्धत संथ आहे, तरी मला ती मनापासून आवडते.

ऑक्सिडीकरणानंतरचा गाळ आम्लधर्मी असतो. तो धुऊन, चुन्याने सामू साडेदहापर्यंत नेऊन, मीटरवरचा आकडा स्थिर झालेला स्वतः पाहिल्याखेरीज सायनाइडच्या डब्याला हात लावू नका. आम्लात सायनाइड पडले की प्राणघातक वायू सुटतो.