क्रम तिनंच बदलला होता

"गुण मोठ्या शाळेला पुरत होते, तरी मुलगी लहान शाळेत गेली. तिचं नुकसान झालं का?" न्यूयॉर्कमधले मराठी आईबाप दर मार्चमध्ये मला हा प्रश्न विचारतात. शब्द तेवढे वेगळे असतात. उत्तर म्हणून मी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इथल्या सरकारी शाळांपैकी आठ हायस्कुलांत फक्त परीक्षेवर प्रवेश मिळतो. मुलाखत नाही, शाळेतले गुण नाहीत, वशिला नाही. त्यांतल्या तीन जुन्या शाळांसाठी तर १९७१ साली राज्यानं तसा कायदाच केला. आठवीतली पंचवीस-तीस हजार मुलं तीन तासांची ही परीक्षा देतात आणि जागा मिळते साधारण चार हजार जणांना. स्टायव्हेसंट हे त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं नाव. तिथे तीन हजारांहून जास्त मुलं शिकतात. २००२ मध्ये यांत तीन लहान शाळांची भर पडली आणि तिन्ही शहराच्या कॉलेजांच्या आवारात उघडल्या. मॅनहॅटनच्या सिटी कॉलेजात गणित-विज्ञान-इंजिनिअरिंगची शाळा आहे, क्वीन्सच्या यॉर्क कॉलेजात विज्ञानाची, आणि ब्राँक्सच्या लेहमन कॉलेजात अमेरिकेच्या इतिहासाची. सिटी कॉलेजातल्या शाळेत नववी ते बारावी सगळी मिळून पाचशेच्या आसपास मुलं. आपल्याकडे एखाद्या गावच्या हायस्कुलात याहून जास्त असतात.

तर हे कुटुंब क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सचं. माझ्याकडे सल्ल्याला आले तेव्हा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. बाबांनी बसायच्या आधीच फोन टेबलावर ठेवला. त्यावर मुलीचे गुण होते आणि खाली व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेले सगळ्या शाळांचे कटऑफ. "मॅडम, हे बघा. स्टायव्हेसंटला आरामात लागत होते. मग ही सिटी कॉलेजवाली कशी काय मिळाली?"

कशी मिळाली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा परीक्षा कागदावर होती (२०२५ पासून ती संगणकावर होते) आणि शाळांचा पसंतीक्रम मुलं परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेवरच भरायची. ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला त्याची पहिली पसंती. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. जागा एकच मिळते, नंतर बदलून मागता येत नाही. घरी महिनाभर घोकलेला क्रम होता आणि त्यात स्टायव्हेसंट पहिलं. मुलीनं हॉलमध्ये बसून सिटी कॉलेजची शाळा पहिली लिहिली.

तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत होते, पण आईमार्फत. "तिला सांग, जेवायला ये." ती तीन फुटांवर बसलेली असायची.

पहिल्या भेटीत चूक मी केली. मुलीला एकटीला बसवलं आणि सरळ विचारलं, "का बदललास क्रम?" तो प्रश्न तिनं घरी शंभरदा ऐकला असणार. तिनं चहाच्या कागदी कपावरची पट्टी सोलायला घेतली. सगळी सोलून झाली, तिची गुंडाळी करून कपात टाकली, तरी उत्तर आलं नाही. मीही मग सोडून दिलं.

पुढच्या खेपेला मी शाळेकडे कसं जातेस ते विचारलं. जाऊन बघून आलीस का? तर ही दोनदा जाऊन आलेली. एकदा शाळेच्या ओपन हाउसला आईबरोबर, एकदा मैत्रिणीबरोबर गुपचूप. रस्ता तिनं न थांबता सांगितला. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरून सबवेची ई गाडी, सेव्हन्थ ॲव्हेन्यूला उतरून डी, मग १४५वा रस्ता आणि तिथून कॉन्व्हेंट ॲव्हेन्यूनं खाली. काळपट दगडाच्या जुन्या इमारती, कडांना पांढरी नक्षी, आणि त्या नक्षीत कोपऱ्याकोपऱ्यावर वाकडीतिकडी तोंडं केलेली माणसं. "एक तर असा वाकून बसलाय की त्याचं पोट दुखतंय असं वाटतं." पहिल्यांदाच हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाच्या शाळेत मी दादाची बहीणच असणार ना."

मोठा भाऊ स्टायव्हेसंटला होता, उत्तम चाललं होतं त्याचं. त्याचाही दोष नाही आणि शाळेचा तर मुळीच नाही. पण त्या घरात तीन वर्षं जेवताना एकच विषय होता. कुठले सर, कुठला पेपर, दादाला किती. ही पोळीचे तुकडे करत ऐकायची. चौदा वर्षांच्या मुलीनं त्यातून स्वतःपुरती एक जागा शोधली. ती पळवाट होती का? थोडी होती. पळवाटा सगळ्याच वाईट नसतात, असं माझं मत आहे.

आईची काळजी वेगळी. "ताई, कॉलेजचं आवार. वीस-बावीसची पोरं सिगरेटी ओढत उभी असणार, आणि ही चौदाची." ही भीती खोटी नाही, म्हणून मी ती उडवून लावली नाही. शाळा आवारात असली तरी कॉलेजच्या वर्गांत मिसळलेली नाही. ती बास्कर्व्हिल हॉलमध्ये, कॉलेजच्या जुन्या रसायनशास्त्राच्या इमारतीत भरते आणि शहरातल्या बाकी सरकारी शाळांसारखेच इथेही दारावर सुरक्षा कर्मचारी असतात. वरच्या वर्गांत गेल्यावर कॉलेजचे काही विषय घेता येतात, तेव्हा मोठ्या मुलांशेजारी बसावं लागतं. तोवर मूल सोळा-सतराचं झालेलं असतं. आईला मी एवढंच सुचवलं की तुमच्या शंका शाळेच्या समुपदेशकाला स्वतः जाऊन विचारा, मुलीकडून निरोप पाठवू नका. त्या गेल्या. परत आल्यावर सिगरेटींचा विषय निघाला नाही.

बाबांना कटऑफ समजावणं अवघड गेलं. खरं तर अकरावीच्या याद्या बघत वाढलेल्या माणसाला हे सोपं जायला हवं. कटऑफ म्हणजे आत आलेल्या शेवटच्या मुलाचे गुण. ज्या शाळेला जास्त हुशार मुलं पहिली पसंती देतात, तिचा आकडा वर जातो. दाराबाहेर रांग किती लांब आहे ते त्यावरून कळतं. वर्गात गणित कसं शिकवतात, मूल कुणाला शंका विचारू शकतं, हे नाही कळत. लहान शाळेचे तोटे आहेतच आणि ते मी त्यांना सांगितले. ऐच्छिक विषय कमी, क्लब कमी, आणि एकाशी भांडण झालं तर चार वर्षं तोच चेहरा समोर.

त्यांच्याकडे तोडगा तयार होता. नववीतल्या मुलांना दहावीच्या प्रवेशासाठी परत परीक्षा देता येते. जागा अगदी थोड्या असतात, पण असतात. "एक वर्ष तिथे काढेल, मग बदलू." अनेक पालक हाच विचार करतात, म्हणून इथे जरा थांबते. ही परीक्षा शाळा सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांतच येते. म्हणजे नव्या शाळेतले पहिले आठवडे मूल काय करणार, तर तिथून निघायची तयारी. मैत्री नाही, क्लब नाही, शनिवारी क्लास. मुलाला स्वतःला शाळा बदलायची असेल तर जरूर द्यावी. बाबांची जखम भरून काढायला देऊ नये. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं आणि ते रागावले. पुढची भेट त्यांनी रद्द केली.

महिन्यानं आले. इकडचं तिकडचं बोलताना निघालं की बारावीनंतर यांचा इंजिनिअरिंगचा फॉर्म मामांनी भरला होता. "मला विचारलंसुद्धा नाही कुणी." मग बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले. मी त्यावर काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

गावाकडून पाहुणे आले की बाबा त्यांना कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा अर्धपुतळा दाखवायला न्यायचे. एक नंबरची गाडी, ११६वा रस्ता. त्याच गाडीनं पुढे दोन स्टेशनं गेलं की १३७वा रस्ता, सिटी कॉलेज. इतक्या वर्षांत तिथे कधी उतरले नव्हते. मी म्हटलं, एकदा उतरा, आणि रस्ता तिला दाखवू द्या. मे महिन्यातल्या एका रविवारी दोघं गेले. चढ चढताना बाबांना धाप लागली. मुलीनं त्यांना तो पोट दुखणारा दाखवला. शाळा बंद होती, बाहेरूनच बघून आले. येताना गाडीत फारसं बोलणं झालं नाही, पण घरी पोचल्यावर "जेवायला चल" हे बाबांनी तिला स्वतः सांगितलं. मला हे आईकडून कळलं.

नववीतली ती परीक्षा तिनं दिली नाही. नोव्हेंबरात एकदा आली तेव्हा तक्रार होती, हवा तो क्लब शाळेत नाही म्हणून. मी म्हटलं, तू निवडलीयस. ती म्हणाली, हो, माहितीय.

बाबा अजून नातेवाइकांना फोनवर सांगतात, "तिचे गुण स्टायव्हेसंटलाही लागत होते बरं का." आई डोळे वटारते. मुलीला मी विचारलं, तुला कसं वाटतं ते ऐकून? खांदे उडवून म्हणाली, "लागत होतेच की."