स्वादुपिंडाचा कॅन्सर: वडील जेवतात, तरी वजन उतरतंय. काय खायला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की तेल-तूप बंद केलंय, साखर बंद केलीय, फळांचे रस आणि कच्च्या भाज्या चालू आहेत, तरी वजन उतरतंय. उतरणारच. हे खाऊन धडधाकट माणसाचंही उतरेल.

काय द्यावं ते नंतर. आधी त्यांना शौचाला कशी होते ते विचारा. फिकट, तेलकट, उग्र वासाची, कितीही पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारी? तसं असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाहीये. चरबी पचवणारा पाचकरस, लायपेज, मुख्यतः स्वादुपिंडातून येतो. गाठीने स्वादुपिंडाची नळी दाबली किंवा व्हिपलच्या ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचा भाग काढला की तो आतड्यात पुरेसा पोचत नाही. त्यावर पॅनक्रियाटिनच्या, म्हणजे हेच पाचकरस बाहेरून देणाऱ्या, कॅप्सूल असतात, क्रिऑन वगैरे. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात त्यांचं नावही नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हाच आजार. अण्णा माळकरी. गाव फलटणकडचं, आषाढीची वारी ठरलेली, घरात अंडंसुद्धा येत नाही. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या, त्या सुरूही झाल्या, आणि चुलतभावाने मोबाइलवर वाचलं की त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. खरंच आहे ते. आत्याने घर डोक्यावर घेतलं. "जाता जाता बाटवता का रे माझ्या भावाला?" कॅप्सूल कपाटात गेल्या, गव्हांकुराचा रस आला, सोबत पचनाचं सिरप. माझा भाऊ म्हणाला, गुपचूप देऊ, अण्णांना कळू द्यायचं नाही. आत्या म्हणाली, द्यायच्याच नाहीत. ज्याच्या पोटात जाणार त्याला विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही. मी तोंड उघडलं तर "सासरहून येऊन शहाणपण शिकवू नकोस".

मी अण्णांना सांगितलं. सगळं, डुकरासकट. बराच वेळ ते बोलले नाहीत, मग विचारलं, "दुसरं काही मिळतं का?" डॉक्टर म्हणाले, चरबीवर याच्या तोडीचं काही नाही, सिरपमधलं फंगल डायस्टेज पिष्ट पचवतं, तूप नाही. अण्णा म्हणाले, "जिभेसाठी खात नाही मी, औषध घेतोय. माळ गळ्यातच राहील." विषय संपला. त्यांच्यापुरता तरी.

आत्याचा अजून संपलेला नाही. तिच्यासाठी इथे लिहून ठेवते: पचनाच्या कित्येक सिरपांत पेप्सिन असतं, आणि ते काढतात डुकराच्याच जठरातून. तू वर्षानुवर्षं जेवण झालं की दोन चमचे घेतेस, त्या बाटलीवरही लिहिलंय. वाच.

असो. कॅप्सूल घ्यायची पद्धत बहुतेकांची चुकलेली असते. मेडिकलवाला सवयीने "जेवणानंतर" सांगतो. नाही. पहिल्या घासाबरोबर एक, जेवण लांबलं की मधे दुसरी. दूध, खीर, मूठभर दाणे खाल्ले तरी लागते. चावायची नाही, कुटायची नाही, गरम चहाबरोबर तर नाहीच, गार पाण्याबरोबर गिळायची. जेवणाला लायपेजची ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला २५,००० इथून साधारण सुरुवात करतात आणि लागेल तसं डॉक्टर वाढवतात. रोज एकच छोटी गोळी चालू असेल तर ती पुरतेय का, हे विचारा.

कॅप्सूल नीट सुरू झाल्यावर तूप परत ताटात आणा. तूप घालून मऊ वरणभात, पनीर, दही, दाण्याचं कूट, अंडं चालत असेल तर अंडं. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. रस आणि काकडी-गाजराने पोट फुगतं आणि जेवण मारलं जातं. साखर खाल्ली की गाठ वाढते, हे आत्याचं दुसरं शास्त्र. गोड बंद केलं म्हणून गाठ उपाशी राहत नाही, शरीर रक्तातली साखर कशीही करून टिकवतं, त्यासाठी स्नायूसुद्धा मोडतं. माणूस तेवढा वाळतो, आणि अशक्त माणसाची केमो पुढे ढकलावी लागते. या आजारात मधुमेह होतो हे खरं, पण त्यावर इन्सुलिन आहे, उपासमार नाही.

अण्णांचं वजन वाढलं असं मी म्हणणार नाही. उतरायचं थांबलं, पोटातली गुरगुर गेली, आणि रात्री संडासाच्या खेपा थांबल्यावर ते झोपायला लागले. कॅन्सर स्वतःच स्नायू खातो, तिथे खाण्याचं फार चालत नाही. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनाच विचारा. कावीळ पुन्हा दिसली किंवा प्रत्येक जेवण उलटून पडायला लागलं तर आहार बदलत बसू नका, पित्ताची नळी किंवा जठराची वाट अडलेली असू शकते, सरळ दवाखाना गाठा.

तुमच्याकडे मांसाहार चालत असेल तर वरचं अर्धं रामायण तुमच्या कामाचं नाही. नसेल चालत, तर वडिलांना कॅप्सूल कशाच्या आहेत ते स्वतः सांगा, आणि सांगताना घरातल्या शहाण्यांना बाहेरच्या खोलीत बसवा.