ओव्हनमधलं स्पॅनिश बटाटा ऑम्लेट: बटाटा कच्चा का राहतो आणि तळाशी पाणी का सुटतं

तुम्ही बटाट्याच्या कच्च्या चकत्या, सिमला मिरची, गाजर आणि पालक फेटलेल्या अंड्यात घातलंत आणि ओटीजीत २०० अंशांवर ४० मिनिटं भाजलंत. वरचा थर करपायला आला, बटाटा आत करकरीत राहिला आणि कापल्यावर तळाशी पाणी दिसलं. आता तापमान वाढवू की वेळ, असं विचारलं आहे. दोन्ही नको. दोन्हींनी पाणी वाढेल आणि बटाटा शिजेपर्यंत अंडं बिघडेल.

फेटलेलं अंडं साधारण ७० ते ७३ अंशांना धरतं. ८० च्या पुढे गेलं की त्यातली प्रथिनं आवळत जातात आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर टाकतात. बटाट्याचं गणित वेगळं आहे. त्याच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांच्या खाली धड मऊ पडतच नाही. म्हणजे ज्या तापमानाला अंडं लुसलुशीत असतं, त्या तापमानाला बटाटा शिजणार नाही, मग तासभर ठेवा. आणि बटाटा शिजेपर्यंत थांबलात तर अंड्याचा रबर होणार. म्हणून या पदार्थात ओव्हनकडे शेवटी एकच काम ठेवायचं, अंडं धरवायचं. बटाटा त्याआधी पूर्ण शिजलेला हवा आणि भाज्यांचं पाणी त्याआधी आटलेलं हवं.

स्पेनमध्ये ही तोर्तिया, म्हणजे हेच बटाट्याचं ऑम्लेट, मुळात ओव्हनची नाहीच. बटाटा भरपूर ऑलिव्ह तेलात, मंद आचेवर, रंग न येऊ देता शिजवतात, निथळून अंड्यात घालतात आणि एक बाजू धरली की पॅनवर ताट ठेवून उलटतात. भाज्या घातलेल्या प्रकाराला पाइसाना म्हणतात. त्यात मटार, लाल सिमला मिरची, गाजर, फरसबी असते, बरेचदा चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) किंवा हॅमही. स्पेनच्या गालिसिया प्रांतातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया अगदी दुसऱ्या टोकाला. तिच्यात कांदासुद्धा नसतो आणि कापली की आतलं अंडं ताटात ओघळतं. तिच्यासाठी पॅनच हवा. पाइसाना मात्र ओव्हनला छान मानवते, कारण भाज्यांनी जड झालेली जाड तोर्तिया पॅनवर उलटताना हमखास फुटते. शिवाय तेल बरंच कमी लागतं.

आता प्रमाण. २० सेंटीमीटरच्या म्हणजे ८ इंची गोल भांड्यासाठी सोललेला बटाटा ५०० ग्रॅम, कांदा १५० ग्रॅम, सगळ्या भाज्या मिळून कच्च्या २५० ग्रॅम, अंडी ८, तेल साधारण १०० मिली, मीठ एकूण दीड लहान चमचा. यातून तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीची तोर्तिया होते. अंडी अगदी लहान गावरान असतील तर नऊ-दहा घ्या. मिश्रण भांड्यात ओतल्यावर अंडं बटाट्याच्या वरच्या थराला जेमतेम टेकलं पाहिजे. बटाटे अंड्यात तरंगत असतील तर अंडं जास्त झालं. हा पदार्थ मुळात बटाट्याचा आहे. स्पेनमधल्या नवार्रा प्रांताच्या विधिमंडळाला १८१७ साली दिलेल्या एका निनावी निवेदनात गरीब शेतकऱ्यांच्या जेवणाचं वर्णन येतं. पाच-सहा माणसांना दोन-तीन अंडी, आणि त्यात बटाटा किंवा पावाचा चुरा मिसळून बायका त्याची मोठी, जाड तोर्तिया करतात, असं त्यात म्हटलं आहे. आपण आठ घेतोय, कारण भाज्यांना धरून ठेवायला बटाट्यापेक्षा जास्त अंडं लागतं.

बटाटा कोणता, याने फरक पडतो. स्पेनमध्ये केनेबेक, मोनालिसा, आग्रिया या जाती लोकप्रिय आहेत. आपल्याकडे ज्योती चांगला, चिप्सोना मिळाला तर तोही उत्तम, फक्त तो लवकर फुटतो म्हणून हलक्या हाताने हलवा. पुखराज पाणचट, तो टाळा. शीतगृहातल्या बटाट्यात साखर तयार झालेली असते, त्यामुळे तो शिजायच्या आत तांबूस होतो. तसा निघाला तर ओव्हन दहा अंशांनी कमी करा. चकत्या तीन मिलिमीटरच्या, चार भाग करून. कापल्यावर पाण्यात टाकू नका. वरचा स्टार्च अंड्याला बटाट्याशी बांधतो, तो धुवून टाकला की कापताना थर सुटतात. काळे पडतील अशी भीती असेल तर कापल्या कापल्या तेलात घोळवा, तेवढं पुरतं.

बटाटा आणि पातळ चिरलेला कांदा चार मोठे चमचे तेल आणि पाऊण लहान चमचा मीठ लावून ट्रेमध्ये पसरा, थर तीन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. वर फॉइल घट्ट बसवा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ मिनिटं ठेवा, वीस मिनिटांनी एकदा वरखाली करून. फॉइलमुळे बटाटा स्वतःच्याच वाफेत शिजतो, उघडा ठेवला तर कडा चामड्यासारख्या होतात आणि मधला भाग कच्चा राहतो. चमच्याने दाबल्यावर चकती विनासायास तुटली की झाला. मग फॉइल काढून आणखी दहा मिनिटं, म्हणजे अडकलेली वाफ निघून जाईल. बरेच जण इथे घाई करतात आणि तीच वाफ पुढे तळाशी पाणी होऊन दिसते.

तोवर भाज्या गॅसवर. पसरट कढईत एक मोठा चमचा तेल, आधी बारीक चिरलेलं गाजर आणि फरसबी, पाच-सहा मिनिटांनी सिमला मिरची, शेवटी मटार. झाकण ठेवायचं नाही. इथे कान वापरा. भाज्यांत पाणी असेतोवर चरचर मोठी असते आणि वाफ दिसते. पाणी संपलं की आवाज खाली येतो, कढईच्या कडेला स्वच्छ तेल दिसायला लागतं आणि मिरचीची साल सुरकुतते. तिथे थांबा. पालक यांच्यात घालू नका. पालक वेगळ्या गरम कढईत पाण्याशिवाय दोन मिनिटं परता, गार करा आणि मुठीत घट्ट पिळा. २०० ग्रॅम पालकातून पाव वाटीच्या वर पाणी निघतं. तुमच्या ट्रेच्या तळाशी होतं त्यातलं बरंचसं हेच. झुकिनी घालायची असेल तर चकत्यांना मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, मग परता. मश्रूम कोरड्या कढईत, पाणी सुटून आटेपर्यंत. टोमॅटो आत घालूच नका, हवा तर शेजारी वाढा.

अंडी काट्याने पिवळं-पांढरं एकत्र होईपर्यंतच हलवा. इलेक्ट्रिक बीटर लावून फेस केला तर तोर्तिया ओव्हनमध्ये फुगते आणि बाहेर काढताच बसते, आत जाळी पडते. दूध, बेकिंग पावडर, मैदा काहीही नको. उरलेलं पाऊण चमचा मीठ अंड्यात घाला. बटाटा आणि भाज्या कोमट झाल्या की अंड्यात मिसळा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा. ही पंधरा मिनिटं वाचवू नका. बटाटा अंड्यातलं मीठ ओढतो, त्याचा स्टार्च अंड्यात उतरतो आणि मिश्रण दाटसर होतं. बटाटा कढत असताना घातला तर मात्र भांड्यातच भुर्जी होते.

भाजायला बिडाचं पसरट भांडं सर्वांत चांगलं. नाहीतर जाड केक टिन, तळाशी बेकिंग पेपर. सुट्या तळाचा टिन नको, अंडं गळतं. नॉनस्टिक पॅन वापरणार असाल तर दांडा प्लास्टिकचा नाही ना, ते बघा. भांड्यात दोन मोठे चमचे तेल घालून २०० अंशांवर सात-आठ मिनिटं रिकामंच तापू द्या, टिन असेल तर कागद आधीच लावून. मिश्रण ओतताना कडेला चुरचुरलं पाहिजे. त्यानेच खालची साल धरते आणि भांड्याला चिकटत नाही. ओतलं की लगेच ओव्हन १६० वर आणा. पंखा असलेला ओव्हन असेल तर १५०. मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन मोडवर, खालच्या स्टँडवर. धातूचं भांडं त्याच मोडला चालतं.

लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो. तुमचा वरचा थर करपला तो त्यामुळे. भांडं सर्वांत खालच्या खाचेत ठेवा, आणि वर रंग लवकर आला तर फॉइल नुसतं टेकवून ठेवा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा पंधरा-वीस अंशांनी चुकीचा असणं सर्रास आहे. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर बाकीचे अर्धे प्रश्न संपतात.

वीस मिनिटांनी भांडं हलवून बघा. कडा स्थिर आणि मधला लिंबाएवढा भाग थरथरतोय, अशा वेळी काढायचं. बाहेर आल्यावरही आत तीन-चार अंश चढतातच. थर्मामीटरची सुई घालून मोजत असाल तर मध्यभागी ६७-६८ ला काढा, तोर्तिया ७१ वर जाऊन थांबेल. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं खाणार असतील तर ओव्हनमध्येच ७१ होऊ द्या. स्पेनच्या २०२२ च्या नियमानुसार हॉटेलांना अंड्याचा पदार्थ मध्यभागी ७० अंशांवर २ सेकंद, आणि लगेच खायचा असेल तर ६३ अंशांवर २० सेकंद न्यावा लागतो. ही मर्यादा घरीही पाळावी, असं माझं मत आहे. एकूण वेळ २२ ते २८ मिनिटांत बसतो. सुरी घालून ती अगदी कोरडी निघण्याची वाट बघू नका, ती केकची परीक्षा आहे. इथे सुरी कोरडी निघते तोवर अंड्याने पाणी सोडलेलं असतं.

पाच मिनिटांनी कडेने सुरी फिरवा, ताट उपडं ठेवून उलटा. तळाची सोनेरी बाजू वर येते. मग निदान पंधरा मिनिटं हात लावू नका, गरम कापली की फुटते. स्पेनमध्ये ती बरेचदा खोलीच्या तापमानाला, पावाबरोबर खातात आणि चव खरंच तेव्हा जास्त कळते. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवायची. फ्रीजरमध्ये ठेवू नका, बटाटा भरभरीत होतो आणि पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हच्या पूर्ण ताकदीवर गरम केलीत तर पुन्हा तेच पाणी दिसेल. अर्ध्या ताकदीवर मिनिटभर पुरे.

पाहुण्यांसाठी मोठी करायची तर २४ सेंटीमीटरच्या भांड्याला सगळं दीडपट, अंडी १२. जाडी तीच राहते म्हणून वेळ पाचेक मिनिटांनीच वाढतो. त्याच लहान भांड्यात दुप्पट भरून वेळ वाढवू नका. कडा ८० च्या पार जातील आणि मध्य पातळ राहील. त्यापेक्षा दोन वेगवेगळ्या भाजा.