इंडोनेशियन 'राक्यात' म्हणजे आपली रयतच का?

विचारणा अशी: प्रामुद्या अनंत तूर आणि त्यांच्या समकालीन इंडोनेशियन कथाकारांबद्दल वाचताना 'राक्यात' हा शब्द सतत भेटतो. इंग्रजीतून येणारे अनुवाद त्याला कुठे 'लोक', कुठे 'जनता' करतात. तो आपला 'रयत'च आहे का? असेल, तर मराठी अनुवादात सरळ 'रयत' लिहायला काय हरकत आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, शब्द एकच. मूळ अरबी. तिथला धातू गुरं चारणं, राखणं या अर्थाचा. त्यावरून राखलेला कळप तो 'रअिय्यत', आणि पुढे राजाने राखायची माणसं, म्हणजे प्रजा. आपल्याकडे हा शब्द फारसी दप्तरांच्या वाटेने आला. मलय भाषेत तो सुमात्रा आणि मलाक्का भागातल्या इस्लामी राजदरबारांतून रुळला. मधला घशातून उच्चारायचा 'ऐन' हा अरबी वर्ण आपण गिळून टाकला आणि 'रयत' केलं. मलय बोलणाऱ्यांनी त्या जागी 'क' बसवला, तोही अर्धवट, घशातच अडलेला. हा काही एकट्या शब्दाचा अपघात नव्हे. ज्या अरबी शब्दावरून पत्राचा 'मायना' आला, त्याचाच तिकडे 'माक्ना' झाला, आणि तिथे त्याचा अर्थ अजूनही 'अर्थ' असाच आहे.

खरी गंमत इंडोनेशियाच्या संसदेच्या नावात आहे: 'देवान पर्वाकिलान राक्यात'. 'देवान' म्हणजे दिवाण, 'पर्वाकिलान'च्या पोटात वकील, आणि 'राक्यात' म्हणजे रयत. पेशवाईतल्या कारकुनाला हे तिन्ही शब्द ओळखीचे वाटले असते. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, तर दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, हा जुना मराठी अर्थही त्याला ठाऊक होता. योग्यकार्तातून १९४५ सालापासून निघणाऱ्या एका वृत्तपत्राचं नाव 'कदाउलातान राक्यात' असं आहे. हाच शब्दप्रयोग त्याच वर्षीच्या संविधानाच्या उद्देशिकेतही आहे. 'कदाउलातान'मध्ये आपली दौलत बसलेली आहे. मराठी कागदपत्रांत 'दौलतीचा कारभार' म्हणजे राज्याचा कारभार. पैसाअडका हा अर्थ नंतर वरचढ झाला. तेव्हा 'कदाउलातान राक्यात'चं, म्हणजे लोकांच्या सार्वभौमत्वाचं, शब्दशः मराठी 'रयतेची दौलत' असं होईल. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, पण अनुवादात मी तो वापरणार नाही. का, ते पुढे.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सरसकट 'रयत' लिहू नये. मराठीत 'रयत' म्हटलं की समोर राजा उभा राहतो, निदान सारा वसूल करणारा अंमलदार तरी. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही शिवाजी महाराजांची ताकीद मराठी माणसाच्या कानात आहे. या शब्दाला माया चिकटली आहे ती त्यातूनच, पण ती राखणाऱ्याची माया आहे. पुढे इंग्रजांनी 'रयतवारी' आणली आणि रयत म्हणजे सरकारशी थेट साऱ्याचा करार असलेला शेतकरी, असा महसुली अर्थ पक्का झाला. दोन्हीकडे रयत कुणाची तरी असते: राजाची, सरकारची, इनामदाराची.

इंडोनेशियन शब्दाची सुरुवातही इथूनच झाली. जुन्या मलय बखरीत राजा हा वृक्ष आणि राक्यात ही मुळं, मुळं नसतील तर वृक्ष उभा राहत नाही, असं वचन आहे. किती सुंदर, आणि तरीही झाड राजाचंच! पण विसाव्या शतकात या शब्दाने राजा झटकून टाकला. डच वसाहतीत तीन-चार शब्द एकमेकांशी झुंजत होते. डच लोक देशी माणसाला 'इनलांडर' म्हणत, आणि त्यातली तुच्छता ऐकणाऱ्याला बरोबर कळत असे. जावानीजमध्ये 'कावुला' होता, म्हणजे सेवक, मालकाचा माणूस. 'वोंग चिलिक', म्हणजे लहान माणसं, हाही होता, घरगुती आणि प्रेमळ. 'प्रजा' हा आपला संस्कृत शब्दही जावात होता, पण तिकडे त्याचा अर्थ सरकून राज्य, राज्ययंत्रणा असा झाला होता. देशी अंमलदारांच्या वर्गाला 'पांग्रेह प्राजा' म्हणत. या गर्दीत 'राक्यात' चळवळीच्या हाती लागला. १९२० च्या दशकात 'सारेकात राक्यात' नावाची संघटनाच उभी राहिली. १९४५ च्या स्वातंत्र्यक्रांतीनंतर तर तो सभेचा, शाळेचा, वृत्तपत्राचा शब्द झाला. प्राथमिक शाळेला बरीच वर्षं 'सकोला राक्यात' म्हणत.

मराठीने हेच काम दुसऱ्या शब्दाकडून करून घेतलं. 'प्रजा' म्हणजे मुळात संतती, राजाची लेकरं. पण 'प्रजासत्ताक' म्हणताना आपल्याला राजा आठवतही नाही. 'रयत'चं तसं पूर्ण झालं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली, तेव्हा त्या शब्दाला नवा मान मिळाला. रयत म्हणजे शिकणारी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी माणसं. साताऱ्या-सांगलीकडे 'रयत' म्हटलं की आधी ती संस्थाच डोळ्यांपुढे येते. पण बाकीच्या बोलण्यात शब्द मागेच राहिला.

म्हणून अनुवाद करताना मी आधी हे बघेन, की हा शब्द कोणाच्या तोंडी आहे आणि कोणत्या काळात.

'मुल्तातुली' या टोपणनावाने एदुआर्द दाउवेस देकर याने १८६० साली लिहिलेली डच कादंबरी घ्या. बांतेनमधल्या लेबाक जिल्ह्यात देशी सरदार शेतकऱ्यांच्या म्हशी ओढून नेतात आणि डच सरकार सगळं माहीत असून डोळे मिटून बसतं. कादंबरी डच आहे, तिच्यात 'राक्यात' शोधायचा नाही. पण तिच्यातल्या सैजा या शेतकरी पोराच्या बापाला मराठीत 'रयत'च म्हणावं. वर सरदार, त्याच्या वर साहेब, आणि खाली हा. शब्द चपखल बसतो.

प्रामुद्यांकडे आलं की गोष्ट अवघड होते, आणि इथेच मला थांबावंसं वाटतं. बुरू बेटावरच्या बंदिवासात कागद-लेखणी मिळत नव्हती तेव्हा त्यांनी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितलेली, आणि १९८० साली छापून आलेली 'बुमी मानुसिया' ही चार कादंबऱ्यांतली पहिली. (नावासाठी अनुवादक लागत नाही: भूमी, मनुष्य.) नायक मिंके जावातल्या सरदारी घराण्यातला, सुराबायाच्या डच शाळेत शिकणारा, डचमध्येच लिहिणारा. दुसऱ्या कादंबरीत तुलांगानच्या साखर कारखान्याजवळ त्याला त्रुनोदोंग्सो नावाचा शेतकरी भेटतो. कारखान्याला जमीन द्यायला हा तयार नाही. मिंके त्याची हकीकत डचमध्ये लिहून आपल्या ओळखीच्या संपादकाकडे नेतो आणि तिथे त्याला कळतं, की ज्या वृत्तपत्राला तो आपलं समजत होता ते साखरवाल्यांच्या पैशावर चालतं. कोमर हा पत्रकार मित्र त्याला सांगत राहतो: मलयमध्ये लिही, तुझ्या माणसांना वाचता येईल असं लिही. मिंकेला ते आधी कमीपणाचं वाटतं.

आता त्रुनोदोंग्सोला काय म्हणाल? कारखान्याच्या नजरेत तो रयत. मिंकेच्या नजरेत तो सुरुवातीला बापाच्या हाताखालचा माणूस, म्हणजेही रयत. पण कादंबरीचं सारं बळ या नजरेच्या बदलण्यात आहे. मिंके जसजसा बदलतो तसतसा अनुवादातला शब्दही बदलायला हवा. मी पहिल्या भेटीपर्यंत 'रयत' ठेवेन आणि नंतर तो सोडून देऊन 'लोक', 'आपली माणसं' असं करेन. शब्द एकच ठेवायचा हट्ट धरला तर मिंकेचा प्रवास मराठीत दिसणारच नाही. प्रामुद्यांनी स्वतःच्या नावातही हेच केलं. घराण्याचं नाव 'मास्तूर'. त्यातला 'मास' हा जावातला मानाचा उपसर्ग आहे म्हणून त्यांनी तो गाळला आणि 'तूर' एवढंच ठेवलं.

क्रांतीच्या कथांत अडचण उलट्या बाजूने येते. १९४५ नंतर 'राक्यात' हा घोषणेचा शब्द झाला, आणि चांगल्या कथाकाराला घोषणा पुरत नाही. मोख्तार लुबिस यांच्या १९५२ च्या 'जालान ताक आदा उजुंग' (न संपणारा रस्ता) या कादंबरीतला इसा हा जकार्तातला शाळामास्तर. पगार पुरत नाही म्हणून शाळेच्या वह्या चोरून विकतो, गोळीबार ऐकला की गारठतो, आणि तरी क्रांतिकारकांच्या कामात ओढला जातो. भाषणात ज्याला 'राक्यात' म्हणतात तो हाच, घाबरलेला. अशा कथेत भाषण देणाऱ्याच्या तोंडी 'जनता' घालावी, त्या शब्दातला सभेचा नाद मराठीत जसाच्या तसा उतरतो. कथाकार स्वतः बोलतो तिथे मात्र 'साधी माणसं' किंवा नुसतं 'माणसं'. आणि 'राक्यात जलाता' असा जोडशब्द आला तर 'गोरगरीब'.

सुराबायाच्या लढाईबद्दलच्या कथा वाचताना मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तिथे उतरलेल्या ब्रिगेडियर मॅलबीच्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची मुलं, इंग्रजांच्या हुकमाने, तिथल्या शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांसमोर उभी होती. एका शब्दाच्या दोन शाखा तिथे समोरासमोर आल्या, आणि याची कुणालाच कल्पना नव्हती. मला ही ओळ लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

एक सावधगिरी. 'राक्यात'च्या नावाने इंडोनेशियात लेखकांनी लेखकांवरही हल्ले केले. १९६० च्या दशकात प्रामुद्या ज्या डाव्या सांस्कृतिक संघटनेच्या बाजूने लढले तिचं नाव 'लेक्रा', यातला 'रा' म्हणजे राक्यातच. त्यांच्या लेखणीने तेव्हा अनेकांना घायाळ केलं. १९६५ नंतर तेच तुरुंगात गेले, चौदा वर्षं. १९९५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तेव्हा लुबिस यांनी निषेध म्हणून आपला आधी मिळालेला मॅगसेसे पुरस्कार परत केला. लुबिस स्वतः राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंच्या काळात अनेक वर्षं कैदेत होते. दोघेही साध्या माणसांचे कथाकार, दोघांचाही छळ झालेला, आणि तरी एकमेकांना क्षमा नाही. त्यामुळे त्या काळच्या वादांतला 'राक्यात' अनुवादताना गोंडस 'रयत' करून त्याची धार घालवू नये. तिथे 'जनता'च हवी, पक्षाच्या जाहीरनाम्यातली.

'लेक्रा'चं पूर्ण नाव 'लंबागा कबुदायान राक्यात'. याचं मराठी कुणी 'लोकसंस्कृती संस्था' केलेलं दिसलं तर ते बदलून घ्यावं. 'लोकसंस्कृती' म्हटलं की आपल्याला ओव्या आणि लेझीम आठवतात, आणि त्या संघटनेला तेवढंच अभिप्रेत नव्हतं. 'जनसंस्कृती संस्था' बरोबर बसेल.